पडद्यावरील भूमिती : ब्राउझरमध्ये आकृत्या काढण्याचे अध्यापन

संगणकाच्या पडद्यावर चौकोन, वर्तुळ, त्रिकोण काढण्यासाठी आज वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. पी-फाइव्ह-जेएस हे मोफत साधन कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये कलावंतांसाठी व नवशिक्यांसाठी ‘प्रोसेसिंग’ ही प्रणाली सुरू केली होती. तिच्याच धर्तीवर लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये पी-फाइव्हचे काम हाती घेतले. साधन सोपे आहे, परंतु पहिल्या तासाला बरेच विद्यार्थी गोंधळतात. त्याचे कारण शोधायचे तर प्रोग्रामिंगपेक्षा आलेखाच्या वहीकडे पाहावे लागते.

शाळेत आरंभबिंदू वहीच्या मध्यभागी असतो आणि य-अक्षावर वर गेले की संख्या वाढते. पडद्यावर आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि खाली येताना य वाढतो. उंच ठेवायचे म्हणून विद्यार्थी य-ची किंमत वाढवतो आणि चौकोन तळाला जाऊन बसतो. अशा वेळी ‘हा नियम पाठ करा’ म्हणण्यात अर्थ नाही. पडदा म्हणजे आलेखाचा कागद नसून मराठी पुस्तकाचे पान आहे, असे सांगावे. वाचन वर डावीकडे सुरू होते, ओळी खाली उतरतात, तसेच हे मोजमाप. उर्दू माध्यमातील विद्यार्थ्याला मात्र हे उदाहरण अर्धेच लागू पडते. त्याचे पान उजवीकडून सुरू होते. पण तोही ४०० हा आकडा डावीकडूनच लिहितो, ही आठवण करून दिली की अडचण बरीच कमी होते.

दुसरी अडचण लिपीची. आज्ञा रोमन लिपीत असतात व त्यांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळावा लागतो. ‘क्रिएटकॅनव्हास’ या जोडशब्दात मधले ‘सी’ मोठे हवे. ते लहान पडले तर आज्ञा ओळखली जात नाही. देवनागरीत वा उर्दूत असा भेदच नसल्याने ही चूक विद्यार्थ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. चित्र उमटले नाही तर संपादकाच्या खालच्या पट्टीतील सूचना वाचण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. नाहीतर कोऱ्या पडद्यापुढे बसलेला विद्यार्थी ‘हे आपले काम नव्हे’ असे ठरवून मोकळा होतो.

आता एक प्रत्यक्ष पाठ. जाळीकामात व फरशीकामात दिसणारा आठ टोकांचा तारा म्हणजे एकाच केंद्रावर ठेवलेले दोन समान चौरस, त्यांपैकी एक ४५ अंशांत फिरवलेला. फलक ४०० बाय ४००, चौरसाची बाजू १६०. पहिला चौरस मध्यभागी काढावा, मग ‘रोटेट’ आज्ञा देऊन तसाच दुसरा. अपेक्षित तारा निघत नाही! दुसरा चौरस डाव्या कडेला सरकतो आणि त्याचा अर्धाच भाग त्रिकोणासारखा दिसतो. कारण ‘रोटेट’ चौरसाला नव्हे, तर आरंभबिंदूभोवती साऱ्या फलकाच्या मोजमापालाच फिरवते, तेही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. चौरसाचे केंद्र (२००, २००) वरून हलून डाव्या कडेवर, वरून सुमारे २८३ अंतरावर येते. हे अंतर विद्यार्थ्यांकडून पायथागोरसच्या प्रमेयाने काढून घ्यावे. २००चा वर्ग अधिक २००चा वर्ग, त्याचे वर्गमूळ. इतका आयता पडताळा फळ्यावर क्वचितच मिळतो.

उपाय असा : आधी ‘ट्रान्सलेट’ने आरंभबिंदूच (२००, २००) वर न्यावा, ‘रेक्टमोड’ने चौरस केंद्रापासून मोजायला सांगावे, रंगभरण बंद ठेवावे आणि दोन्ही चौरस (०, ०) वर काढावेत. तरीही ताऱ्याची टोके कमी-जास्त अंतरावर दिसली तर कोन तपासावा. पी-फाइव्ह कोन रेडियनमध्ये घेते. नुसते ४५ लिहिल्यास पूर्ण फेऱ्या वगळून फिरणे सुमारे ५८ अंशांचे होते. आकृती जवळपास बरोबर दिसते, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही. ‘पाय’ भागिले ४ लिहावे, किंवा ‘अँगलमोड’ने अंश निवडावेत.