दामिन-इ-कोहचा उठाव

राजमहालच्या डोंगरांभोवती कंपनी सरकारने १८३२-३३ साली दामिन-इ-कोह नावाचा जो मुलूख आखून काढला, तेथे जंगल तोडून शेती करण्याकरिता संथाळ आदिवासींना उत्तेजन सरकारनेच दिले होते, ही गोष्ट त्यांच्या उठावाचा विचार करताना प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. १८३८ मध्ये जेथे त्यांची अवघी ४० खेडी होती, तेथे १८५१ पर्यंत १,४७३ खेडी वसून सुमारे ८२ हजार माणसे नांदू लागली. परंतु अरण्याची भातखाचरे होताच सावकार, व्यापारी, जमीनदारांचे गुमास्ते आणि ठाण्याचे दारोगाही त्यांच्या पाठोपाठ दाखल झाले. या मंडळींना संथाळ ‘दिकू’ म्हणत.

सावकाराजवळ मापे दोन असत: धान्य घेण्याचे मोठे ते केनाराम आणि विकण्याचे लहान ते बेचाराम. पोटासाठी काढलेले कर्ज सुगीचे सगळे पीक घालूनही फिटत नसे, कारण खतावर काय लिहिले आहे हे निरक्षर कुळाला कळण्याचा मार्गच नव्हता. अखेर ते कूळ ‘कमिया’ होऊन सावकाराच्या शेतावर राबे, आणि बाप मेला तरी ऋण मुलाच्या माथी येई. दाद मागावी, तर कचेरी दूर, तिची भाषा परकी आणि अंमलदार सावकारांना सामील.

एकत्र येण्याच्या निरोपाची खूण म्हणून सालवृक्षाच्या डहाळ्या गावोगाव फिरल्या आणि ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह येथे सिदो व कान्हू मुर्मू या बंधूंच्या हाकेसरशी सुमारे दहा हजार संथाळ जमले. आठवडाभरातच दारोगा महेशलाल दत्त मारला गेला आणि ‘हूल’, म्हणजे संथाळांचा उठाव, पेटला. या क्षोभाला परक्यांचा आंधळा द्वेष म्हणणे मला घोर अन्यायाचे वाटते. लोहार, तेली, गवळी अशा बिगर-संथाळ कष्टकऱ्यांना उठावकऱ्यांनी अभय दिले, आणि त्यांतील कित्येक त्यांच्या बाजूने उभेही राहिले. शिवाय संथाळ स्वतःच त्या भूमीत नवागत होते. डोंगरांतले जुने रहिवासी पहाडिया. संथाळांचा रोष होता तो लुबाडणुकीवर आणि तिला पाठीशी घालणाऱ्या राज्यावर.

नोव्हेंबरात लष्करी कायदा जारी झाला. धनुष्यबाणांवर बंदुका चालल्या, हजारो माणसे मेली. त्याच वर्षीच्या ३७ व्या कायद्याने संथाळ परगणा निराळा करण्यात आला, परंतु सावकारी व्याजाला आळा घालणारा नियम व्हावयास १८७२ साल उजाडले.