कुक्कुटपालनात उपकारक जंतूंची योजना

नाशिक जिल्ह्यात मांसल कोंबड्यांचे पालन मोठ्या प्रमाणावर करार पद्धतीने चालते. एक दिवसाचे पिल्लू, खाद्य व औषधे कंपनी पुरविते. शेड, पाणी व मेहनत पालकाची असते, आणि मोबदला तयार पक्ष्याच्या वजनावर ठरतो. अन्नातून माणसास बाधणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त उपकारक जंतूंच्या, म्हणजेच प्रोबायोटिकांच्या, साहाय्याने करावयाचा झाल्यास तो ह्या व्यवस्थेत कोणी व केव्हा करावा, ह्याचे उत्तर पिल्लाच्या आतड्यातच शोधावे लागते.

साल्मोनेलाच्या ज्या प्रकारांमुळे माणसास जुलाब व ताप होतो, त्यांपैकी बहुतेक मोठ्या कोंबडीस आजारी पाडीत नाहीत. लहान व मोठ्या आतड्यांच्या सांध्याशी असलेल्या दोन बंद नळ्यांत, म्हणजे अंधांत्रांत, ते निमूटपणे राहतात. पक्षी खातो, वाढतो, आणि पालकास कसलीच चाहूल लागत नाही. कापणीच्या वेळी आतडे फुटले की तेच जंतू मांसावर, सुरीवर व ओट्यावर पसरतात.

कोंबडीखाली उबलेल्या पिल्लाला आईच्या सहवासात प्रौढ जंतुसमूहाचा वारसा आपोआप मिळतो. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला तो मिळत नाही. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते, आणि रिकाम्या घरात जो आधी शिरेल तोच बिऱ्हाड थाटतो. पहिल्या दिवशी अगदी थोडे साल्मोनेलाही त्यास पुरतात. पुढे समूह स्थिरावल्यावर मात्र त्यांना शिरकाव कठीण जातो. फिनलंडमध्ये १९७१ साली मांसल कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिसचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर १९७३ साली नुर्मी व रांताला ह्यांनी दाखविले की, निरोगी प्रौढ पक्ष्याच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांस पाजल्यास साल्मोनेलास त्यांच्यात मूळ धरणे दुरापास्त होते. एकट्या लॅक्टोबॅसिलसने मात्र हे संरक्षण लाभले नव्हते. संपूर्ण समूह, विशेषतः त्यातील प्राणवायूविना वाढणारे जंतू, जागा व अन्न अडवितो आणि बाष्पनशील मेदाम्ले निर्माण करून अंधांत्र शत्रूस प्रतिकूल करतो.

बाजारातील पुष्कळशा पुड्यांत एक-दोनच जाती असतात. त्यांच्याकडून नुर्मीच्या प्रयोगाइतके फळ मागणे रास्त नव्हे. बॅसिलस सबटिलिसची बीजाणुरूपे गोळीखाद्याच्या उष्णतेत टिकतात; लॅक्टोबॅसिलस बहुधा टिकत नाहीत, म्हणून ते पाण्यातून देतात. परंतु त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, किंवा त्याच सुमारास प्रतिजैविक दिले, तर सारा खर्च वाया जातो. कॅम्पिलोबॅक्टरचा प्रश्न आणखी निराळा आहे. तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शिरतो व आतड्याच्या श्लेष्मात राहतो. त्याच्यावरील परिणाम अद्याप बेभरवशाचा आहे.

युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाद्यात घालण्यास पूर्ण बंदी केली. भारताने जुलै २०१९ मध्ये पशुपक्ष्यांसाठी कोलिस्टिनचा वापर बंद केला. त्यामुळे प्रोबायोटिकांकडे प्रतिजैविकांचा पर्याय म्हणून पाहिले जाते. ही दृष्टी अपुरी आहे, कारण प्रोबायोटिक मुख्यतः जागा आधी अडविते. वसलेल्या जंतूस हुसकावणे त्यास सहसा साधत नाही. पिल्लू पालकाच्या शेडवर पोहोचेपर्यंत ती जागा कदाचित भरलेली असते. म्हणून पहिली मात्रा उबवणी केंद्रातच, पिल्लांवर फवारून, देणे युक्त ठरते. हा निर्णय कंपनीच्या हाती आहे. पालकाकडे उरते ते तुसाची गादी कोरडी राखणे व मात्रेच्या दिवशी पाणी क्लोरीनमुक्त ठेवणे. आणि त्याच्या हिशेबात वजन, मरतूक व खाद्य धरले जाते, साल्मोनेला धरला जात नाही.