पश्चिमेच्या भिंतीसाठी झाड

शहादा-नंदुरबार पट्ट्यातल्या नर्सऱ्यांत पहिल्या पावसानंतर गर्दी उसळते. नवं घर बांधलेली माणसं बहावा-गुलमोहराचे फोटो मोबाइलवर घेऊन येतात. मी ज्या नर्सरीत बसलो होतो, तिथला माणूस फोटोकडे बघतही नव्हता. येईल त्याला विचारायचा, "जागा कितली शे?" आणि मग, घराच्या पश्चिमेला काय आहे?

बरोबरच विचारायचा. तापीकाठच्या या मुलखात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. दुपारी तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत निवत नाही. आणि ऐन त्याच दिवसांत बहावा, गुलमोहर जवळजवळ निष्पर्ण असतात. फुलांनी डोळे निवतात, भिंत नाही. करंज मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं टाकतो आणि लगेच तुकतुकीत पालवीने भरतो; मे महिन्यात त्याची सावली दाट, वर फिकट जांभळी फुलंही. तरी शोभेच्या झाडांत त्याला कुणी धरत नाही. रस्त्याकडेला फुकट दिसतो ना!

मग प्रत्येक घराशी करंज का नाही? इथली काळी माती आडवी येते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायाजवळच्या मोठ्या झाडाची मुळं उरलासुरला ओलावाही ओढून घेतात, माती आकसते आणि भिंतीला तडा जातो. मोठं झाड पायापासून वीसेक फूट तरी लांब हवं. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर तेवढी जागा निघत नाही. तिथे झाडाचा हट्ट सोडून शंकासूर, तगर, कुंती अशा झुडपांकडे वळावं. वरून विजेच्या तारा जात असतील तरी तेच. शिवाय झुडूप लवकर भरतं आणि नको झालं तर काढता येतं.

झुडपांची खरी परीक्षा शेळी घेते. जास्वंदीचा फडशा पाडते, कण्हेरीला तोंड लावत नाही. म्हणून कुंपणाला कण्हेर चालते. पण ती पानापासून मुळापर्यंत विषारी, तेव्हा रांगतं मूल असलेल्या घरात मी ती लावणार नाही. झटपट हिरवी भिंत हवी म्हणून कोनोकार्पस लावतात, तोही नको. शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. मुळं गटारांत आणि केबलमध्ये घुसतात, परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो, ही त्यामागची कारणं.

जागा आणि जात ठरली की नर्सरीवाला पिशवी उलटी करून तळ दाखवतो. मुळांनी तिथे वेटोळं घातलं असेल, तर रोप कितीही उंच, देखणं असो, बाजूला. ती मुळं पुढेही गोलच वाढतात आणि मोठं झालेलं झाड वादळात आडवं होतं. त्यापेक्षा कमरेएवढं, सरळ बुंध्याचं रोप बरं. खड्डा खणल्यावर आधी त्यात पाणी भरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच दिसलं, तर खड्डा बुजवून, माती-शेणखताचा उंचवटा करून त्यावर रोप लावायचं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि पहिले दोन उन्हाळे पाण्याची पाळी चुकवायची नाही.