'बॅटमॅन : आर्कम सिटी' – एका उत्तरकृतीतील स्थल आणि काल

एखादी कृती लोकप्रिय झाली की तिच्या कर्त्यापुढे उत्तरकृतीचा प्रश्न उभा राहतो. संस्कृत नाटकाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. 'महावीरचरिता'नंतर 'उत्तररामचरित' लिहिताना भवभूतीने नायक तोच ठेवला, परंतु वीराचे क्षेत्र सोडून तो करुणाच्या क्षेत्रात शिरला. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात उत्तरकृतीकडून सामान्यतः निराळी अपेक्षा असते. ग्राहकाला तेच हवे असते, मात्र अधिक हवे असते. या 'अधिका'चा कृतीच्या घडणीवर कोणता परिणाम होतो, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात 'बॅटमॅन : आर्कम सिटी' हा २०११ सालचा खेळ विचारार्थ घेतला आहे.

लंडनच्या रॉकस्टेडी स्टुडिओज या संस्थेने २००९ साली 'बॅटमॅन : आर्कम असायलम' हा खेळ प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी त्याचा हा उत्तरभाग काढला. पॉल डिनी हे दोन्ही खेळांचे प्रमुख लेखक. बॅटमॅनचा आवाज केव्हिन कॉनरॉय यांचा (हे २०२२ साली निवर्तले) आणि जोकरचा मार्क हॅमिल यांचा. सुपरहिरो या शब्दाचे 'अतिमानव' असे भाषांतर आपण सवयीने करतो. परंतु बॅटमॅनपाशी कोणतीही अतिमानवी शक्ती नाही. व्यायाम, द्रव्य, बुद्धी आणि हट्ट एवढेच त्याचे भांडवल. म्हणूनच तो दमतो, आजारी पडतो, त्याला वेळ कमी पडतो. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

पहिला खेळ एका बेटावरील मनोरुग्णालयात एका रात्रीत घडतो. पाश्चात्त्य नाट्यशास्त्रातील स्थल, काल आणि कृती यांचे ऐक्य त्यात इतक्या काटेकोरपणे सांभाळले आहे की, एखाद्या अभिजात शोकांतिकेच्या अभ्यासकालाही समाधान वाटावे. एकच जागा, एकच रात्र, आणि जोकरने बळकावलेले ते रुग्णालय परत मिळवणे ही एकच कृती. उत्तरभागात गॉथम शहराचा एक जुना, पडका भाग भिंत घालून वेगळा केला आहे. तेथे सर्व कैदी मोकळे सोडले आहेत आणि डॉ. ह्यूगो स्ट्रेंज त्यांच्यावर पहारा ठेवून आहे. रात्र येथेही एकच आहे. जागा मात्र कित्येक पटींनी वाढली आहे.

या वाढलेल्या जागेने खेळाला जे दिले ते प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वीच्या खेळात बॅटमॅनचा अंगरखा म्हणजे उंचावरून अलगद खाली येण्याचे एक साधन होते. येथे खेळाडू छपरावरून झेप घेतो, मुद्दाम सूर मारून वेग साठवतो आणि त्याच वेगाच्या बळावर पुन्हा वर उठतो. थोड्या सरावाने जमिनीला पाय न लावता सारे नगर ओलांडता येते. खाली रस्त्यांवर शेकोटीभोवती कैदी बोलत असतात. त्यांचे बोलणे बॅटमॅनच्या कानांतील यंत्राला ऐकू येते. कोणाच्या टोळीत जावे, कोण मेले, कोणाला भीती वाटते, हे सारे खेळाडूला असे उडता उडता कळते. कथेला नगराचा आवाज मिळवून देण्याची ही युक्ती साधी, पण फार परिणामकारक आहे. मोनार्क थिएटरमागील गल्लीत, जेथे नायकाच्या आईबापांची हत्या झाली, तेथे फुले ठेवलेली आढळतात. खेळाडूने तेथे थांबून कळ दाबली तर बॅटमॅन गुडघा टेकून क्षणभर स्तब्ध राहतो. थांबण्याची सक्ती नाही. नगर मोकळे असल्यामुळेच हे थांबणे खेळाडूच्या इच्छेचा भाग बनते. बंदिस्त इमारतीत ते केवळ एक दृश्य ठरले असते.

द्वंद्वाच्या अंगाविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. ठोसा, प्रतिकार, हूल आणि साधनांचा मारा यांची लय पूर्वीच्याच खेळात बसली होती. येथे ती अधिक सफाईदार झाली आहे. एका सुधारणेचा मात्र उल्लेख करावयास हवा. भिंतीपलीकडचे दाखवणारी शोधदृष्टी पहिल्या खेळात इतकी उपयुक्त होती की, अनेक खेळाडू ती बंदच करीत नसत आणि चित्रकारांचे सारे श्रम वाया जात. उत्तरभागात काही शत्रूंच्या पाठीवर ही दृष्टी निकामी करणारे यंत्र दिले आहे. मिस्टर फ्रीझशी होणारा सामना तर याहून सरस आहे. त्याच्यावर एकदा चाललेली युक्ती दुसऱ्यांदा चालत नाही, कारण तो शिकतो. खेळाडूला आपल्याजवळ काय काय आहे याची उजळणी करणे भाग पडते, आणि तोच या सामन्याचा खरा आशय आहे. पात्राची बुद्धिमत्ता संवादांतून सांगण्याऐवजी खेळाच्या नियमातून दाखविण्याचे इतके चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

आता कालाकडे वळू. या कृतीचा मुख्य दोष येथे आहे, आणि तो वर सांगितलेल्या गुणातूनच उत्पन्न झाला आहे. कथेचा ताण दोन घड्याळांवर उभारलेला आहे. जोकरने आपले विषारी रक्त नायकाच्या शरीरात घातले आहे आणि तसेच रक्त शहरातील रुग्णालयांतही धाडले आहे. उतारा लवकर सापडला नाही तर नायकासह असंख्य रुग्ण मरतील. दुसरीकडे, दहा तासांनी 'प्रोटोकॉल टेन' अमलात येईल अशी घोषणा ध्वनिवर्धकावरून होते आणि मधून मधून उरलेले तास सांगितले जातात. प्रत्यक्षात ही दोन्ही घड्याळे चालत नाहीत. खेळाडूने कथेचे पुढचे पाऊल टाकले की तास कमी होतात. त्याने ते टाकले नाही तर रात्र संपत नाही आणि विष चढत नाही. दरम्यान रिडलरने नगरभर चारशेहून अधिक कोडी पेरून ठेवली आहेत. पहिल्या खेळात ती दोनशे चाळीस होती. मरणासन्न नायक छपराच्या कोपऱ्यात अडकवलेले हिरवे प्रश्नचिन्ह काढण्यासाठी तासन्‌तास खटपट करीत बसतो, याला आपल्या परिभाषेत अनौचित्य असेच नाव द्यावे लागेल. त्याने रसभंग होतो.

यावर असा आक्षेप येईल की, कोडी सोडविण्याची सक्ती कोणी केली आहे? ज्याला कथेची घाई आहे त्याने सरळ पुढे जावे; दोष खेळाडूचा, कर्त्याचा नव्हे. हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. कोडी वाटेतच दिसतील अशी मांडली आहेत, ती सोडविल्याचे बक्षीस मिळते आणि ओलिसांचे प्राणही त्यांवरच अवलंबून ठेवले आहेत. प्रेक्षकाला नाटक चालू असताना गच्चीवर फराळास बोलवावयाचे आणि मग तो उठून गेला म्हणून त्याला बोल लावावयाचा, असा हा प्रकार आहे. वाचन, प्रेक्षण आणि खेळणे यांत हाच फरक आहे की, येथे कालाचा वेग खेळाडूच्या हाती असतो. तो त्याच्या हाती देऊन त्याच वेळी घाईची कथा सांगणे हा रचनेतील अंतर्विरोध आहे.

हा अंतर्विरोध अटळ नाही, हे याच खेळातील दोन गौण प्रसंग दाखवून देतात. म्हणूनच मुख्य कथेतील उणीव अधिक खटकते. झाझ नावाचा खुनी नगरातील सार्वजनिक टेलिफोनवरून बोलावणे धाडतो. एक फोन उचलल्यावर दूरचा दुसरा वाजू लागतो आणि ठरलेल्या वेळात तेथे पोचले नाही तर एका निरपराध्याचा जीव जातो. येथे घड्याळ खरोखर चालते; खेळाडूचा श्वास फुलतो. उडण्याचे जे कौशल्य एरवी विहार होते, ते येथे शर्यत बनते. दुसरा प्रसंग न्यायालयाच्या तळघरातील कोठडीत बसलेल्या कॅलेंडर मॅनचा. तो खेळाच्या यंत्रातील दिनांक पाहतो. वर्षातील ठरावीक बारा दिवशी त्याला भेटल्यास त्या त्या सणाशी निगडित असा आपल्या एखाद्या गुन्ह्याचा वृत्तान्त तो सांगतो. नाताळची गोष्ट ऐकावयाची तर नाताळपर्यंत थांबावे लागते. (यंत्रातील दिनांक बदलून फसवणूक करता येते हे खरे, परंतु शेवटचे पान आधी वाचणारा वाचकही असतोच.) एका ठिकाणी काल मिनिटांनी मोजला आहे, दुसऱ्या ठिकाणी खेळाडूच्या स्वतःच्या वर्षाने. कर्त्यांना कालाची जाण नव्हती असे म्हणता येत नाही. ती जाण त्यांनी कडेला वापरली, मध्यभागी वापरली नाही.

कृतीच्या ऐक्याविषयी थोडक्यात सांगता येईल. स्ट्रेंज, जोकर, पेंग्विन, फ्रीझ, टू-फेस, रास अल् गूल असे खलपुरुष एकाच रात्री एकामागून एक येतात. स्ट्रेंज हा सर्वांत नवा आणि आशयगर्भ. नायकाचे खरे नाव ठाऊक असलेला शत्रू. पण गर्दीत त्याच्या वाट्याला पुरेशी जागा येत नाही आणि तो घाईने मरतो.

संशोधकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण नमूद करावयास हवी. ती पाठाची आहे. कॅटवूमनची प्रकरणे २०११ साली नव्या प्रतीसोबत मिळणाऱ्या, एकदाच वापरता येणाऱ्या संकेतांकावर अवलंबून होती. जुनी प्रत विकत घेणाऱ्यापाशी त्याच नावाचा, पण तोकडा पाठ येई. आणि ही प्रकरणे गौण नव्हेत. लूट घेऊन निघून जावे की ढिगाऱ्याखाली सापडलेल्या बॅटमॅनला सोडविण्यास परतावे, ही निवड त्यांतच आहे. कॅटवूमन निघून गेली तर श्रेयनामावली सुरू होते, सारे संपल्याचा संदेश ऐकू येतो आणि मग खेळ मागे फिरतो. खेळाडूच्या निर्णयाला संपूर्ण रात्रीचे वजन देणारा हा एकमेव क्षण होय. पुढे २०१२ च्या आणि २०१६ च्या आवृत्त्यांत ही प्रकरणे समाविष्ट झाली. तथापि आरंभीच्या समीक्षा वाचताना समीक्षकाच्या हाती कोणता पाठ होता, हे पाहणे आवश्यक आहे.

शेवटी जोकर मरतो. उताऱ्याची बाटली त्याच्या स्वतःच्याच हल्ल्यामुळे फुटते, आणि बॅटमॅन त्याचे शव हातांवर घेऊन, कोणाशी न बोलता बाहेर पडतो. उत्तरकृतीने मूळ कृतीहून पुढे टाकलेले सर्वांत मोठे पाऊल ते हेच. नामावली संपली की खेळाडूला पुन्हा त्याच नगरात सोडण्यात येते. रात्र अजून सरलेली नाही. शेकोटीभोवतीचे कैदी आता जोकरच्या मृत्यूविषयी बोलत असतात. कोणाला तो खरा वाटत नाही, कोणाला पुढे काय ही चिंता आहे. आणि वर एका छपराच्या कडेला, न काढलेले एक हिरवे प्रश्नचिन्ह अजून तसेच चमकत असते.