वाटेवर ठेवलेली भेट



प्रवासाहून परतणारा मनुष्य सहसा रिकाम्या हाताने घरी येत नाही. गाणगापूरला गेलेला भस्माची पुडी आणतो, बिदरला गेलेला बिदरी कामाची एखादी डबी आणतो. परंतु जेथे गेलो तेथे आपण काय ठेवून आलो, असे त्याला कोणी विचारीत नाही. विचारलेच, तर खरे उत्तर पुष्कळदा लाजिरवाणे असते : रिकाम्या बाटल्या, खाऊचे कागद आणि जुन्या भिंतीवर कोरलेले स्वतःचे नाव.

अलीकडे काही हौशी प्रवाशांनी निराळी रीत धरली आहे. स्वतःच्या हातांनी केलेली एखादी छोटी वस्तू, रंगवलेला दगड, विणलेले फूल किंवा कागदाचा पक्षी, ते वाटेवर ठेवतात आणि पुढे जातात. ज्याला ती सापडेल त्याची ती. अमेरिकेत केप कॉडच्या समुद्रकिनाऱ्यावर 2015 साली मेगन मर्फी या बाईंनी दगडांवर धीराचे चार शब्द लिहून ठेवण्यास आरंभ केला, आणि ती प्रथा दूरवर पसरली.

आपल्याला ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. उंबऱ्यापुढील रांगोळी ही येणाऱ्याजाणाऱ्यासाठीच असते, आणि दुपारपर्यंत ती पावलांखाली पुसून जाते. दख्खनमधील देवळांत आणि दर्ग्यांत नवसाचे चिमुकले पाळणे बांधलेले दिसतात. वांद्र्याच्या मोतमावलीला भाविक मेणाची घरे आणि हातपाय वाहतात. मात्र येथे एक भेद ध्यानी घ्यावा. नवसाच्या वस्तूमागे मागणे असते. वाटेवरच्या भेटीमागे ते नसावे. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर ज्या दासोहासाठी ओळखले जातात, त्या दासोहाचे मर्म हेच की द्यावे, पण दिल्याचा अहंकार उरू नये. म्हणून अशा वस्तूवर आपले नाव घालू नये, आणि ती कोणी उचलली हे लपून पाहत बसू नये.

वस्तू कशाची करावी? उत्तर कर्नाटकात ज्येष्ठ अमावास्येला ‘मण्णेत्तिन अमावास्या’ म्हणतात. ‘मण्णु’ म्हणजे माती, ‘एत्तु’ म्हणजे बैल. त्या दिवशी मातीचे बैल करून त्यांची पूजा होते. आपल्या पोळ्यालाही मातीचे बैल असतातच. न भाजलेला असा बैल कोणी उचलला नाही, तर पहिल्या पावसात तो विरघळून मातीस मिळेल. हीच कसोटी सर्व वस्तूंना लावावी. चकमकीत प्लास्टिक, काचेचे मणी, टोकदार तार किंवा गुरांच्या पोटात जाईल असे काहीही नको.

त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न जागेचा आहे. रेल्वे स्थानकावर आणि बस स्थानकावर बेवारशी वस्तूस हात लावू नका, अशी सूचना आपण नित्य ऐकतो. तेथे बाकाखाली ठेवलेली पुडी कोणाला आनंद देणार नाही. ती भीतीच पसरवील. दुसरी वर्ज्य जागा म्हणजे संरक्षित स्मारके. बिदरला महमूद गवानाचा 1472 सालचा मदरसा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर रंगीत फरशांचे जे अवशेष टिकून आहेत, त्यांच्या शेजारी आपल्या कलेस स्थान नाही. अशा स्मारकांना विद्रूप करणे हा 1958 च्या कायद्यानुसार गुन्हाच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांतही रंगवलेले दगड सोडून जाऊ देत नाहीत, कारण निसर्गाच्या जागी ते कचराच ठरतात.

मग ठेवावे कोठे? जेथे माणूस बसतो आणि जेथे विचारावयास कोणी आहे, तेथे. चहाच्या हॉटेलातील फळी, धर्मशाळेचा कोनाडा, गावच्या शाळेतील खिडकी. मालकास किंवा शिक्षकास विचारून, वस्तू उघडी, सर्वांना दिसेल अशी ठेवावी.

सोबत एक चिठ्ठी असावी : “ज्यास आवडेल त्याने न्यावे.” आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूस ती कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही लिपींत लिहावी. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागात भाषेच्या प्रश्नावरून मने पुष्कळ दुखावली आहेत. कन्नड पोराने उचललेला मराठी हातचा बैल तो प्रश्न सोडवणार नाही; परंतु शेजारच्या लिपीत एक ओळ शिकून लिहिण्याचे कष्ट कोणीतरी घेतले, एवढे त्याला कळेल.

या छंदाचा लाभ देणाऱ्यालाही होतो. ज्याने एक छोटा बैल घडवण्यात दुपार घालवली, तो बिदरच्या कारागिराच्या दारात उभा राहिला की वेगळ्या नजरेने पाहतो. जस्त आणि तांब्याचा तो ओतीव घाट, त्यात ठोकून बसवलेली चांदीची तार, किल्ल्यातील मातीने आलेला काळा रंग, यांमागे किती तास गेले असतील याचा अंदाज त्याला येतो. मग दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करण्यास त्याची जीभ सहसा वळत नाही.

पुढच्या प्रवासाला निघताना पिशवीत आपल्या हातची एक लहानशी वस्तू असू द्या. ती योग्य जागी ठेवा, आणि मागे न पाहता गाडी पकडा.