सर्व्हिस डॉगला शाळेत बंदी : नुकसानभरपाई कशी मागतात?



समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणात आपण रॅम्प, कठडे, मोठ्या अक्षरांची पुस्तकं यांबद्दल नेहमी ऐकतो. अमेरिकेत या यादीत एक कुत्राही असतो. त्याला म्हणतात सर्व्हिस डॉग. हा लाडाचा पाळीव कुत्रा नव्हे. दिव्यांग व्यक्तीसाठी ठरावीक कामं करायला त्याला शिकवलेलं असतं. आंधळ्या माणसाला रस्ता दाखवणं, पडलेली वस्तू उचलून देणं, तोल जाताना आधार देणं अशी ही कामं. नुसता जवळ बसून धीर देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही.

अशा कुत्र्याला दारातच अडवलं, तर मालकाला पैशांच्या रूपात भरपाई मिळते का? मिळू शकते, पण कोणी अडवलं आणि कोणत्या कायद्याखाली दावा केला यावर सगळं अवलंबून आहे. हे समजायला एका प्राथमिक शाळेचाच खटला घेऊ. मिशिगन राज्यातला 'फ्राय विरुद्ध नेपोलियन कम्युनिटी स्कूल्स' हा तो खटला. आपण शिक्षक असल्यामुळे दोन्ही बाजू आपल्याला चटकन कळतील.

सेरेब्रल पाल्सी असलेली पाच वर्षांची एक मुलगी बालवर्गात होती. तिच्यासाठी वंडर नावाचा कुत्रा प्रशिक्षण घेऊन आला. तो तिला वॉकर धरून चालताना आधार द्यायचा, दारं उघडायचा, दिवे लावायचा, कोट काढायला मदत करायचा. शौचालयात खुर्चीवरून उठता-बसताना तर त्याची मदत फारच मोलाची होती. 2009 मध्ये शाळेने त्याला आणायला नकार दिला. शाळेचं म्हणणं, तिच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात एक मदतनीस बाई दिलेल्या आहेतच, मग कुत्रा कशाला? पुढे 2010 मध्ये काही आठवडे प्रयोग म्हणून येऊ दिलं, पण वंडरने तास चालू असताना वर्गाच्या मागे बसायचं आणि शिकवलेली बरीच कामं करायचीच नाहीत, अशा अटी घातल्या. मग काय उपयोग?

खरं सांगायचं तर शाळेचा प्रश्न वरवर रास्त वाटतो. आपल्यापैकी कुणीही हेच म्हटलं असतं. पण गोम इथेच आहे. मदतनीस बाई असताना मूल दर वेळी मोठ्या माणसाची वाट बघतं. कुत्रा असला की ते स्वतः उठतं, स्वतः जातं. आईवडिलांनी मुलीला शाळेतून काढून घरी शिकवलं आणि केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार केली. 2012 मध्ये त्या कार्यालयाने शाळेच्या विरोधात मत दिलं. त्यांचं उदाहरण बघा : व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला 'खुर्ची नको, आमची बाई तुला उचलून नेईल' असं सांगण्यासारखंच हे झालं!

शाळा मग तयार झाली, पण आता तिथे मुलीकडे आकसाने बघतील या भीतीने पालकांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे वंडरचं स्वागत झालं. म्हणजे पुढचा प्रश्न सुटला. गेलेल्या दिवसांचं काय? त्यासाठी त्यांनी डिसेंबर 2012 मध्ये भरपाईचा दावा लावला.

इथे एक अडथळा आला. अमेरिकेत दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा वेगळा कायदा आहे (आयडीईए). त्याखालची सुनावणी आधी पूर्ण करा, मगच कोर्टात या, असं खालच्या दोन्ही न्यायालयांनी सांगितलं. 22 फेब्रुवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी दोन साधे प्रश्न सुचवले. हीच तक्रार सार्वजनिक वाचनालयाविरुद्ध करता आली असती का? आणि शाळेत आलेल्या मोठ्या माणसाला ती करता आली असती का? रॅम्प नाही ही तक्रार वाचनालयाविरुद्धही करता येते, म्हणून ती भेदभावाची तक्रार. गणिताची जादा शिकवणी मिळत नाही ही तक्रार वाचनालयाविरुद्ध कोण करील? ती शिक्षणाची. भेदभावाच्या तक्रारीला शिक्षण कायद्याच्या सुनावणीची अट नाही. या कसोटीवर तपासायला प्रकरण पुन्हा खाली पाठवलं गेलं.

2023 मध्ये मिशिगनच्याच एका कर्णबधिर विद्यार्थ्याच्या खटल्यात (पेरेझ विरुद्ध स्टर्जिस) न्यायालय आणखी पुढे गेलं. शिक्षण कायद्याच्या सुनावणीत पैशांची भरपाई मिळतच नाही, तर दिव्यांग हक्क कायद्याखाली (एडीए) ती मागणाऱ्याला आधी त्या वाटेने पाठवण्यात अर्थ नाही, असा तो निकाल.

पण मधल्या काळात एक दार अरुंद झालं. 2022 च्या 'कमिंग्ज' निकालाने ठरवलं, की सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांना लागू असलेल्या पुनर्वसन कायद्याखाली मनस्तापाची भरपाई मिळणार नाही. अनेक कनिष्ठ न्यायालयांनी सरकारी शाळांवरच्या एडीए दाव्यांनाही तीच मर्यादा लावली. मला हे पटत नाही. लहान मुलाचा अपमान होतो तेव्हा खिशातून पैसे गेलेलेच नसतात, मग पावती कशाची दाखवायची? पण कायदा आज असा आहे. म्हणून पालक घरी शिकवण्याचा खर्च, शाळा बदलल्यामुळे वाढलेला प्रवास, बुडालेला पगार अशा मोजता येणाऱ्या नुकसानीवर भर देतात.

दुकान, हॉटेल, खाजगी दवाखाना यांनी अडवलं तर गणित वेगळं. एडीएखाली ग्राहकाला स्वतः दावा करून 'प्रवेश द्या' असा आदेश आणि वकिलाची फी मिळू शकते, भरपाई नाही. ती हवी असेल तर राज्याचा कायदा बघावा लागतो. कॅलिफोर्नियात प्रत्येक उल्लंघनाला किमान 4,000 डॉलर मिळू शकतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या राज्याचा कायदा आधी विचारून घ्यावा.

दावा टिकतो तो नोंदींवर. कुत्र्याची गरज उघड दिसत नसेल तर कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात : हा दिव्यांगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? प्रमाणपत्र मागता येत नाही. कुणाला ॲलर्जी आहे किंवा भीती वाटते, हे कारणही चालत नाही, दोघांची सोय लावायची असते. मात्र कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करत असेल तर बाहेर काढता येतं. त्यामुळे कुणी, कधी, कोणत्या शब्दांत नाकारलं हे त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि शाळेकडून नकार लेखी मागायचा. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे साधारणपणे 180 दिवसांत तक्रार करावी लागते. तिथे अर्जाला फी नाही आणि वकीलही लागत नाही.