स्थूल मुद्राक्षरे आणि भेदक रेषा

रोमन लिपीच्या मुद्राक्षरांत ‘फॅट फेस’ या नावाने ओळखले जाणारे एक अतिशय स्थूल वळण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ते लंडनमध्ये उदयास आले. ते रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः रॉबर्ट थॉर्न (मृत्यू १८२०) या खिळे ओतणाऱ्या व्यावसायिकास दिले जाते. लॉटरी, नाटके यांच्या भित्तिपत्रकांत चढाओढ होती, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याची दृष्टी क्षणभर खिळवून ठेवील असे अक्षर मुद्रकांना हवे होते.

या वळणाची पूर्वपीठिका ग्रंथमुद्रणात सापडते. बास्करव्हिलने १७५७ मध्ये छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यग्रंथात गुळगुळीत कागदामुळे जाड व बारीक रेघांतील अंतर स्पष्ट उठून दिसले. पुढे पॅरिसमध्ये फिर्मां दिदो व पार्मा येथे बोदोनी (१७४०–१८१३) यांनी ते पराकोटीस नेले. त्यांच्या अक्षरांत उभे दांडे जाड, जोडरेघा केसासारख्या, आणि दांड्याच्या टोकाची आडवी रेघ, म्हणजे सेरिफ, तितकीच बारीक असते. स्थूल वळणाने एवढेच केले, की जाड भाग अनेक पटींनी वाढविला आणि बारीक भाग मात्र जवळजवळ तसाच ठेवला. परिणामी अक्षराच्या पोटातील मोकळी जागा आकुंचित होऊन तिची केवळ फट उरली.

येथे लिपीच्या अभ्यासकास महत्त्वाचा वाटावा असा एक मुद्दा उद्भवतो. रोमन लिपीतील ‘सी’ व ‘ई’ या लहान अक्षरांतील भेद मुख्यतः एका आडव्या रेघेवर अवलंबून आहे. ‘एन्’ व ‘यू’ यांतील भेद दोन दांडे वर जोडले आहेत की खाली, यावर. म्हणजे शाईचा सारा भार अक्षरांच्या समान अंगांवर पडतो आणि अर्थभेद करण्याचे कार्य क्षीण रेषेकडे राहते. अक्षर मोठे असेतोवर ती रेषा दिसते. लहान आकारात मात्र ती तुटते किंवा शेजारची फट शाईने बुजते, आणि वाचकास शब्द संदर्भाने ओळखावा लागतो. म्हणूनच हे वळण मथळ्यांस व जाहिरातींस शोभते, सलग मजकुरास नव्हे. अमेरिकेत १९२८ मध्ये मॉरिस बेंटन याने ‘अल्ट्रा बोदोनी’ काढले, तेही प्रामुख्याने जाहिरातींच्याच उपयोगी पडले.

देवनागरीत भेदक अंगे निराळ्या ठिकाणी आहेत. ‘व’ आणि ‘ब’ यांतील भेद पोटातील तिरक्या रेघेचा. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतील भेदात शिरोरेषेच्या खंडाचा वाटा मोठा. तेव्हा दांडे व शिरोरेषा सरसकट जाड केल्यास नेमका हा खंडच बुजण्याचे भय असते. अक्षर किती जाड करावे, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. त्यातील कोणते अंग भेद राखते आणि ते शाबूत राहते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.